कॅप्सूलमधल्या कोकमाचा हिशेब मागायला हवा

औषधांच्या दुकानात आणि मोबाइलवरच्या बाजारात ‘गार्सिनिया’, ‘वृक्षाम्ल’, ‘कोकम अर्क’ अशा नावांनी चरबी घटवणाऱ्या कॅप्सूल राजरोस मिळतात. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आधी यकृताचा काही त्रास झाला होता का हे कुणी विचारत नाही. कोकम घरातलंच, त्यामुळे घेणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. माझं म्हणणं असं, की कोकमाचा अर्क हा कोकमापेक्षा वेगळा पदार्थ मानावा, त्याला वेगळे नियम लावावेत, आणि हे नियम यावेत यासाठी महाराष्ट्र आणि गोवा या कोकमाच्या दोन राज्यांनी पुढाकार घ्यावा. मुद्दे असे:

१. सुरुवात शास्त्रापासून करू, कारण जाहिराती त्याच्याच नावाने चालतात. आपलं कोकम आणि केरळातली कुडमपुळी ही दोन्ही गार्सिनिया वंशातली झाडं. दोन्हींच्या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. बाजारात त्याला ‘एचसीए’ म्हणतात. कुडमपुळीतलं मुख्य आम्ल हेच, हे १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी दाखवलं. पुढे १९६९मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन यांच्या गटाला आढळलं, की हे आम्ल पेशीतल्या एका एन्झाइमचं काम जोरात अडवतं. त्या एन्झाइमचं नाव एटीपी सायट्रेट लायेज.

हे एन्झाइम करतं काय? भात, पोळी, साखर यांतून आलेलं ग्लुकोज पेशीत वापरलं जातं तेव्हा वाटेत सायट्रेट तयार होतं. ऊर्जेची गरज भागून ते उरलं, की मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पेशीद्रवात येतं. तिथे हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. त्यातला असेटिल-कोए नावाचा तुकडा म्हणजे मेदाम्लं आणि कोलेस्टेरॉल घडवण्याचा कच्चा माल. एचसीएची घडण सायट्रेटशी इतकी मिळतीजुळती आहे, की एन्झाइममधली सायट्रेटची जागा तेच अडवून बसतं आणि पुढची साखळी थांबते. प्रयोगशाळेतल्या उंदरांना ते दिल्यावर यकृतात नवी चरबी कमी बनली आणि त्यांचं खाणंही घटलं. हे प्रयोग चांगले होते, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती उंदराच्या यकृतावरून माणसाच्या कमरेपर्यंत एका उडीत पोहोचणाऱ्या जाहिरातीविषयी.

२. माणसाच्या अंगावरची बहुतेक चरबी या वाटेने येतच नाही. उंदीर पिष्टमय पदार्थांपासून भरपूर चरबी बनवतो. माणूस नेहमीच्या जेवणावर असताना हे काम फार थोडं करतो. आपण खाल्लेलं तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं यांतली चरबी पचून थेट साठ्यात जाते, आणि भात-पोळी जास्त झाली की शरीर आधी ती जाळतं व चरबी बाजूला ठेवतं. साखर आणि पिष्ट सतत प्रमाणाबाहेर खाल्लं, तरच नवी चरबी बनवण्याचं काम माणसात नजरेत भरण्याइतकं वाढतं. तेव्हा एन्झाइम अडवलं तरी वजनावर किती फरक पडणार? घरची गिरणी बंद केली आणि तयार पीठ बाजारातून येतच राहिलं, तर डबा रिकामा होत नाही.

दुसरी अडचण रसायनाची. एचसीए सुटं राहिलं की त्याचं हळूहळू लॅक्टोन बनतं, आणि ते रूप एन्झाइम अडवण्याच्या कामाचं नाही. म्हणून कारखानदार त्याचे कॅल्शियम, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार बनवतात. कोणता क्षार आहे यावर ते किती विरघळेल आणि रक्तात किती उतरेल हे ठरतं. बाटलीवर नुसतं ‘गार्सिनिया अर्क’ लिहिलेलं असेल, तर आत नेमकं काय आहे हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

३. मग माणसांवर तपासलं का? तपासलं, आणि नीट तपासलं. १९९८ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये न्यूयॉर्कच्या स्टीव्हन हाइम्सफील्ड आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेली १३५ माणसं, बारा आठवडे, सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकांचा आहार. निम्म्यांना रोज १,५०० मिलिग्रॅम एचसीए, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे देणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्यालाही नव्हतं. एचसीए घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने घटलं. पोकळ गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोने. हा फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून एचसीएने वजन वाढतं असं कोणी म्हणत नाही. पण घटतं असं म्हणायलाही त्यात आधार नव्हता. दोन्ही गटांचं जे वजन उतरलं ते आहारामुळे.

२०११मध्ये अशा चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. सगळ्या मिळून फरक आला ०.८८ किलोचा. नीट आखलेल्या चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या, तर तोही ठामपणे टिकत नव्हता. काही लहान चाचण्यांत बरे आकडे आले आहेत, हेही सांगायला हवं. पण महिनोन्‌महिने पैसे मोजून ज्या गोष्टीपासून लोक दहा-दहा किलोंची आशा धरतात, तिचा या आढाव्यातला एकत्रित आकडा एक किलोच्या आत आहे, ही माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेत २०१२ साली डॉ. मेहमेट ऑझ यांच्या टीव्ही कार्यक्रमाने गार्सिनियाला प्रचंड गिऱ्हाईक मिळवून दिलं, आणि जून २०१४मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांना अशा ‘चमत्कारी’ उपायांच्या प्रचाराबद्दल उत्तरं द्यावी लागली. आपल्याकडे गिऱ्हाईक वाढलं, जाब विचारणारी समिती मात्र बसली नाही.

४. फायदा नाही, पण तोटाही नाही, असं असतं तर हा लेख लिहिला नसता. तोटा आहे, आणि तो यकृताला आहे.

१ मे २००९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘हायड्रॉक्सिकट’ या वजन घटवणाऱ्या उत्पादनांबद्दल इशारा दिला. यकृताच्या गंभीर इजेच्या २३ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या, एक मृत्यू झाला होता, आणि उत्पादकाने माल परत घेतला. त्या मिश्रणात अनेक घटक होते, त्यामुळे एकट्या गार्सिनियाला दोषी धरता येत नव्हतं, आणि हा बचाव पुढे बराच काळ चालला. मग औषधांमुळे होणाऱ्या यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांच्या जाळ्याने २००४ ते २०१८ या काळातले आपले रुग्ण तपासले. गार्सिनियाशी निगडित अशी खात्रीची २२ प्रकरणं निघाली. बहुतेकांत सोबत ग्रीन टीचा अर्क होता, पण ५ जणांनी फक्त गार्सिनियाच घेतलेला होता. एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांमध्ये ही इजा जास्त दिसली. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही, आणि थोड्यांना फार मोठं होतं. ते थोडे कोण, हे आधी ओळखायची सोय दुकानात नाही.

फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने, ‘आन्सेस’ने, २०२५ साली नागरिकांना सरळ सांगितलं की गार्सिनिया कँबोजिया, म्हणजे कुडमपुळी, असलेली पूरकं घेऊ नका. तिथे हे झाड उगवत नाही. जिथे उगवतं, तिथल्या लोकांना हे कोण सांगणार?

५. ‘आमच्या पणजीपासून आम्ही कोकम खातोय, कुणाचं यकृत बिघडलं?’ हा प्रश्न मी कितीतरी जणांकडून ऐकला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्रेत आहे. चार माणसांच्या आमटीत पाच ग्रॅम आमसूल पडलं असं धरू. कोकमाच्या सालीत एचसीए साधारण दहा ते बारा टक्के. म्हणजे सगळ्या आमटीत मिळून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, एकाच्या वाट्याला सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम. त्यातलंही बरंच आमसुलातच राहतं, आणि ते आमसूल ताटाच्या कडेला काढून ठेवलं जातं. वर सांगितलेल्या चाचणीत रोजची मात्रा १,५०० मिलिग्रॅम होती. दहा पटींचा हा फरक, शिवाय रोज, महिनोन्‌महिने, आणि जोडीला दुसरे चार अर्क.

म्हणून सोलकढी पिणाऱ्याने या लेखाने घाबरून जाऊ नये. आमसूल, सोलकढी, तिवळ, गोव्याची फुटी कढी हा आपल्या जेवणाचा भाग आहे आणि तसाच राहावा. ज्याला हे अनेक पिढ्या पचलं त्याला अर्कही पचेल, हा निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

६. ‘वनस्पतीतून आलंय म्हणून कमी तपासावं’ हे तर उलटंच. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची मुळं गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपी वनस्पतीतल्या रसायनांपर्यंत जातात. मूळ वनस्पती विषारी होती. रेणू बदलून, मात्रा ठरवून, तपासून त्याचं औषध झालं.

गार्सिनियाच्या बाबतीत तर याहून जवळचं उदाहरण आहे. जे एन्झाइम एचसीए अडवतं, तेच एन्झाइम अडवणारं बेम्पेडोइक आम्ल हे औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०२०मध्ये मंजूर झालं. त्याची रचना अशी आहे की ते यकृतात गेल्यावरच जागं होतं, स्नायूंत होत नाही. ते कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी आहे, वजनासाठी नाही. २०२३मध्ये सुमारे चौदा हजार रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, हृदयविकाराच्या घटना त्याने कमी झाल्या. यूरिक आम्ल वाढतं आणि गाउटचा धोका थोडा वाढतो, हेही त्याच चाचणीत दिसलं आणि ते डॉक्टर रुग्णाला सांगतात. एन्झाइम एकच, एका बाजूला हजारो माणसांची नोंद, मात्रा आणि धोके लिहिलेले, दुसऱ्या बाजूला बाटलीवर पानाचं चित्र आणि ‘१००% नैसर्गिक’. नागरिक म्हणून दुसऱ्या बाजूने समाधान मानायचं काही कारण मला दिसत नाही.

७. लेबल एकदा शांतपणे वाचून पाहावं. अशी एक बाटली समोर ठेवून मी हे लिहितो आहे. पुढच्या बाजूला छोट्या भोपळ्यासारखं पिवळट, खाचा असलेलं फळ छापलं आहे. ती कुडमपुळी. खाली नाव मात्र कोकमाचं. मागे बारीक अक्षरांत ‘गार्सिनिया अर्क ५०० मिग्रॅ, ६०% एचसीए’, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ३०० मिलिग्रॅम. रोज किती घ्यायच्या तर ‘दोन ते सहा, किंवा तज्ज्ञांच्या सल्ल्याने’. क्षार कोणता, त्याचा उल्लेख नाही. ग्रीन टीचा अर्क आहे, त्याचं प्रमाण वेगळं दिलेलं नाही. वर ‘चरबी वितळवते’ आणि तळाशी, नखाएवढ्या जागेत, ‘औषधी वापरासाठी नाही’. यकृताबद्दल अवाक्षर नाही. आणि हे सगळं इंग्रजीत आहे. माझ्या परिसरात ही बाटली घेणाऱ्यांत शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायका आहेत, बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या मुली आहेत, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत. महिन्याच्या पगारातून हजारभर रुपये बाजूला काढून त्या बाटल्या येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. एवढ्या मोठ्या, चिंतेत असलेल्या लोकसंख्येला विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तिला वाचता येईल अशा भाषेत धोका लिहिलेला असावा, ही मागणी फार मोठी नाही.

८. कायदे आहेत. त्यांच्यातली फट बुजवायला हवी.

१९५४ सालच्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणजे लठ्ठपणा बरा करणारं औषध म्हणून लोकांत जाहिरात करायला सत्तर वर्षांपासून बंदी आहे. पण तोच अर्क ‘आरोग्य पूरक’ म्हणून विकला, की तो औषधाच्या नव्हे, अन्नाच्या दारातून आत येतो आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या म्हणजे एफएसएसएआयच्या पूरकांविषयीच्या नियमांखाली जातो. ‘वृक्षाम्ल’ म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर विकला, तर तिसरंच दार. एकाच दुकानाच्या एकाच फळीवर एकच रसायन तीन वेगवेगळ्या नियमांखाली असू शकतं. यात गिऱ्हाइकाचा काय दोष?

दंडाची तरतूद कमी नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं, जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला वर्षभर जाहिराती करण्यापासून रोखू शकतं. रीलमध्ये बाटली हातात धरून ‘माझी चरबी वितळली’ सांगणारेही यात येतात.

म्हणून मागण्या नेमक्या ठेवतो. एफएसएसएआयने एचसीए असलेल्या प्रत्येक पूरकावर वनस्पतीचं नाव, भाग, क्षार आणि दर दिवशीची एचसीएची मिलिग्रॅममधली मात्रा छापणं सक्तीचं करावं, आणि यकृताचा इशारा स्थानिक भाषेत, पुढच्या बाजूला, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अल्पवयीन मुलं, यकृताचे रुग्ण आणि नैराश्यावरची औषधं घेणारे यांच्यासाठी स्पष्ट ‘घेऊ नये’ असावं. हाच इशारा आयुर्वेदिक परवान्यावरच्या अर्कालाही लागू व्हावा. यकृताला परवान्यातला फरक कळत नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि गोव्याच्या यंत्रणेने दुकानांतून आणि ऑनलाइन मागवून नमुने तपासावेत, आणि निकाल उत्पादनाच्या नावासकट संकेतस्थळावर लावावेत. दुधाच्या भेसळीची तपासणी आपण मागून मागून मिळवली. हीही मिळू शकते.

यातली सर्वांत कमी खर्चाची मागणी डॉक्टरांकडे आहे. कावीळ घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाला दारू आणि औषधांबरोबर ‘वजनाच्या कॅप्सूल घेता का’ हेही विचारा, आणि उत्तर हो आलं तर भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाकडे नोंद करा. आपल्याकडे असे रुग्ण कमी दिसतात याचं एक कारण विचारलंच जात नाही हे आहे. रुग्ण आपण होऊन सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नव्हे.

९. आता सर्वांत अवघड आक्षेप. ‘कोकमाला आत्ता कुठे भाव यायला लागलाय, तुम्ही शेतकऱ्याच्या पोटावर पाय देता.’

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती दिल्या. तरी कोकम अजून बऱ्याच अंशी परसातलं आणि कुंपणालगतचं झाड आहे. बियांपासून लावलेल्या रोपांत नर किती, मादी किती हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला सात-आठ वर्षं जातात. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं, आणि वळवाच्या दोन सरी पडल्या की झाडाखालचा रातांबा, म्हणजे कोकमाचं पिकलेलं फळ, कुजायला लागतो. आमसूल करणाऱ्या बाईचं काम पाहा. रातांबा फोडायचा, बी आणि गर वेगळा काढायचा, साल उन्हात घालायची. मग गराच्या रसात मीठ घालून साल त्यात बुडवायची, पुन्हा वाळत घालायची. एकेका सालीला अशी कितीतरी पुटं द्यावी लागतात, तेव्हा आमसूल काळं, मऊ, चकचकीत होतं. बोटं रसाने जांभळी होतात आणि आंबटाने चिरतात. बियांतून तेल निघतं, ते थंडीत टाचांना लागतं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांत जातं. एवढ्या कष्टाच्या मालाला भाव मिळालाच पाहिजे. पण अर्काच्या तेजीतून तो मिळेल का?

हा प्रयोग शेजारी होऊन गेला आहे. उत्तर कन्नडात कुडमपुळीला उप्पगे म्हणतात. १९९०च्या दशकात एचसीएसाठी परदेशातून मागणी आली, उप्पग्याचे भाव चढले. जंगलातलं झाड कुणाच्या मालकीचं नाही, त्यामुळे दुसऱ्याने काढायच्या आत आपण काढावं म्हणून लोक फळ पिकायची वाट न बघता झोडपू लागले. सालीचे ढीग पावसाळ्यात सुकवायला जंगलातलंच लाकूड जळालं. मग परदेशातली हौस ओसरली आणि भाव खाली आला. तेजी संपल्यावर मागे राहिली ती ओरबाडलेली झाडं आणि मोडलेला हिशेब. ज्या मागणीचा पाया ‘चरबी वितळते’ या दाव्यावर आहे, ती एखाद्या देशाच्या एका इशाऱ्याने बसते. २०२५च्या फ्रेंच इशाऱ्यानंतर तिकडे माल पाठवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कोकमाचा भाव त्याच्या चवीवर, रंगावर आणि बियांच्या तेलावर उभा राहू शकतो. त्याच्या लाल रंगाला अन्नउद्योगात मागणी आहे. झाडाखाली कुजणारं फळ वाचवायला गावोगावी सुकवणी यंत्रं हवीत, कलमं हवीत, पावसाआधी फळ उचलणारी खरेदी हवी. सरकारने पैसा इथे घालावा. आणि एचसीएमध्ये काही दम आहे असं कोणाला वाटत असेल, तर सार्वजनिक पैशातून, वैद्यकीय महाविद्यालयांच्या देखरेखीखाली, प्रमाणित अर्कावर मोठी चाचणी करावी, निकाल काहीही येवो तो छापावा. मी तिचं स्वागत करेन.

१०. बचतगटांना एक विनंती. तुमच्या अमृत कोकमाच्या बाटलीवर ‘वजन घटवते’, ‘चरबी कमी करते’ असं छापू नका. त्या बाटलीत मोठा हिस्सा साखरेचा असतो, आणि अतिरिक्त साखरेने माणसात नवी चरबी बनवण्याच्या कामाला जोर येतो. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं, रक्तदाबवाल्याने ते बेताने घ्यावं. दाव्याच्या छपाईने उद्या नोटीस आली तर ती कंपनीच्या वकिलाकडे जाणार नाही, गटाच्या अध्यक्ष ताईंच्या घरी येईल. ‘सावंतवाडीचं कोकम, यंदाच्या हंगामाचं, रंग न घातलेलं’ हे छापा. ते खरं आहे आणि त्याला गिऱ्हाईक आहे.

११. ज्यांच्याकडे आज बाटली चालू आहे त्यांच्यासाठी. भूक जाणं, मळमळ, कारण नसताना थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज: यातलं काही जाणवलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. त्रास पहिल्या आठवड्यातच होईल असं नाही, काही जणांना काही महिन्यांनी झाला आहे. काहीच जाणवत नसेल तरीही डॉक्टरला सांगा, विशेषतः मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर. बाटली फेकून देऊ नका, सोबत न्या. लेबल आणि बॅच क्रमांक नोंदीला लागतो. दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो, त्यासाठी औषध सतर्कता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. जाहिरातीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर करता येते. करताना जाहिरातीचा फोटो, तारीख आणि खरेदीची पावती जवळ ठेवा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.